नऊ शिंपी आणि एक नाव

डॉरथी सेयर्स यांची ‘द नाइन टेलर्स’ ही रहस्यकथा १९३४ साली प्रसिद्ध झाली. कॉलेजात असताना मी ती वाचायला घेतली ती नऊ शिंप्यांची गोष्ट समजून. चर्च आले, घंटा आल्या, पूर्व इंग्लंडातला पाणथळ मुलूख आला, यथावकाश एक अनोळखी प्रेतही आले; शिंपी काही येईनात. उलगडा झाला तेव्हा स्वतःचेच हसू आले. गावात कोणी गेले की चर्चची घंटा ठोके देई. पुरुषासाठी तीन-तीन ठोके तीनदा, बाईसाठी दोन-दोन तीनदा. नऊ ठोके ऐकू आले की शेतातल्या माणसाने समजावे, कोणी पुरुष गेला. या ठोक्यांना म्हणत ‘टेलर’, म्हणजे सांगणारे. पुढे उच्चाराच्या सारखेपणाने त्यांचे शिंपी झाले असावेत. देवनागरीत तर दोघे तंतोतंत सारखेच दिसतात, तो आपल्या एका मात्रेचा दोष.

पण या ‘टेल’ धातूचा जुना अर्थ निव्वळ सांगणे नाही, मोजणे हाही आहे. बँकेत नोटा मोजणारा टेलर त्याच घरचा. सांगणे आणि मोजणे एकाच धातूत कसे नांदतात, असा प्रश्न ज्याला पडेल त्याने आपला ‘ख्या’ धातू आठवावा. त्यातूनच ‘आख्यान’ आले आणि त्यातूनच ‘संख्या’. घंटेचे ते नऊ ठोके एकाच वेळी संख्याही होते आणि आख्यानही.

तेव्हापासून एक खोड लागली. इंग्रजी कादंबरीत खेडेगावातले चर्च आले की गोष्ट बाजूला ठेवून कोश उघडायचा. आणि इंग्रजी कादंबरीत ते येतेच.

पहिला अडला तो ‘नेव्ह’. भाविक बसतात तो चर्चचा लांबट मुख्य भाग. भाषांतर करणारे ‘सभामंडप’ लिहून मोकळे होतात. ते चुकीचे नाही, पण त्यात शब्दाची गंमत बुडते. ‘बुडते’ हे क्रियापद मुद्दाम वापरले, कारण नेव्ह म्हणजे लॅटिन ‘नाविस’, जहाज. संस्कृत ‘नौ’, फारसी ‘नाव’, आपली ‘नाव’ ही सगळी सख्खी भावंडे. जर्मन भाषेत तर चर्चच्या या भागाला आजही सरळ जहाज म्हणतात. का म्हणतात याचे उत्तर धर्मोपदेशकांकडे तयार असते: चर्च ही भवसागर तरून नेणारी नौका. दुसरे उत्तर सुतारांच्या बाजूचे. नेव्हच्या लाकडी छपराकडे खालून पाहिले तर उपड्या होडीच्या फासळ्या दिसतात. तिसरा एक पक्ष ग्रीक ‘नाओस’, म्हणजे मंदिर, याचा संबंध लावू पाहतो. मला भवसागराचा अर्थ जुना आणि उपड्या होडीचा नंतर सुचलेला वाटतो, कारण सपाट छपराच्या चर्चलाही नेव्ह असतेच.

आता खरी मौज. इंग्रजीत ‘नेव्ह’ दोन आहेत. दुसरे नेव्ह म्हणजे गाडीच्या चाकाचा मध्य, आरे जिथे बसवतात तो भाग. त्याचा जहाजाशी काडीचा संबंध नाही. तो शब्द ‘नेव्हल’चा, म्हणजे बेंबीचा भाऊ, आणि संस्कृत ‘नाभि’चाही. वेदात चाकाच्या मध्याला नाभि म्हटलेलेच आहे. म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या दोन इंग्रजी शब्दांपैकी एक आपल्या ‘नौ’चा नातलग, दुसरा ‘नाभि’चा. आणि मराठीकडे पाहावे तर इथेही ‘नाव’ दोन! एक पाण्यात चालणारी, ‘नौ’पासून आलेली. दुसरे आपण बाळाला ठेवतो ते, ‘नाम’पासून आलेले. पूर्वी दुसऱ्यावर अनुस्वार असे, ‘नांव’ लिहीत; हा अनुस्वार म्हणजे गेलेल्या ‘म’ची खूण. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि होडी व नाम एका वेशात उभे राहिले. नियम सोयीचा होता हे मान्य. पण त्या टिंबाबरोबर एका अक्षराची समाधी गेली, याची हळहळ मला अजून वाटते.

मात्र खेड्यातला मध्ययुगीन इंग्रज ‘नेव्ह’ म्हणत होता असे समजू नये. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या उत्तरार्धाआधी आढळत नाही. त्याआधी लोक त्या भागाला चर्चचे ‘अंग’ म्हणत, किंवा नुसते चर्च. उदाहरणादाखल हेरफर्डशरमधले, वेल्सच्या सीमेजवळचे किलपेकचे चर्च घेऊ. सन ११४०च्या सुमाराचे, तांबूस वालुकाश्माचे, आकाराने आपल्या एखाद्या मध्यम देवळाएवढे. नेव्ह, त्यापुढे चॅन्सल, आणि टोकाला अर्धवर्तुळाकार ‘ॲप्स’: आगगाडीच्या लहान होत जाणाऱ्या तीन डब्यांसारखी रचना. दक्षिणेच्या दाराभोवती दगडात वेली, सर्प आणि सैनिक कोरलेले. छपराखाली चहूबाजूंनी दगडी टेकूंची रांग, ऐंशीच्या वर आजही शाबूत. त्यात एके ठिकाणी कुत्रा आणि ससा गळ्यात गळा घालून बसलेत, आणि एका टेकूवर एक उघडीवाघडी बाई आहे, जिच्या धिटाईपुढे आपल्या मंदिरांवरची शिल्पेही सोवळी वाटावीत. या टेकूला म्हणतात ‘कॉर्बेल’. मूळ लॅटिन ‘कोर्वुस’, डोमकावळा. चोचीसारखा पुढे आलेला दगड तो कॉर्बेल. ज्या कोणी गवंड्याने भिंतीत बसवलेल्या दगडाकडे पाहून पहिल्यांदा ‘छोटा कावळा’ म्हटले असेल, त्याचे कौतुक करावे तेवढे थोडे.

नेव्ह संपून ‘चॅन्सल’ सुरू होते तिथे कमान असते, आणि बऱ्याच ठिकाणी लाकडी जाळी. चॅन्सल हा धर्मगुरूंचा भाग, पुढे वेदी. ‘गाभारा’ म्हणावा का? गाभारा ‘गर्भागारा’पासून आलेला दिसतो, आत दडलेली कोवळी जागा. चॅन्सलमध्ये गर्भ नाही, जाळी आहे. लॅटिन ‘कॅन्सेली’ म्हणजे जाळीचे कठडे. कठड्याचे नाव कठड्यापलीकडच्या जागेला लागले. जाणते लोक त्याच्याही मागे ‘कार्सेर’, तुरुंग, पाहतात; दोन ‘र’ जवळ आले म्हणून एकाचा उच्चार पालटला असावा. हाच शब्द न्यायालयात गेला. तिथे जाळीपाशी उभा राहून लोकांना आत सोडणारा दरवान तो ‘कॅन्सेलारियुस’. दरवानाचा लेखनिक झाला, लेखनिकाचा राजाच्या शिक्क्यांचा रखवालदार झाला, आणि आज तो चान्सलर म्हणून जर्मनीचा कारभार पाहतो, शिवाय आपल्या विद्यापीठांत कुलपती होऊन पदव्या वाटतो. दुसरीकडे लेखनिक मंडळी चुकलेल्या मजकुरावर आडव्यातिडव्या रेघांची जाळी ओढीत. त्या जाळी ओढण्याला म्हणू लागले ‘कॅन्सल’. ‘रद्द’ हा सुटसुटीत अरबी शब्द शतकानुशतके घरात असताना आपण ‘तिकीट कॅन्सल केले’ म्हणतो, तेव्हा किलपेकच्या वेदीपुढची जाळीच तिकिटावर ओढत असतो.

ही जाळी शोभेची नव्हती. इंग्लंडात जुना रिवाज असा की नेव्हची डागडुजी गावाने करायची आणि चॅन्सलची ‘रेक्टर’ने, म्हणजे ज्याला गावाच्या उत्पन्नाचा मोठा दशमांश मिळे त्याने. गावातल्या कित्येक चर्चचे नेव्ह टोलेजंग आणि चॅन्सल बापुडवाणे दिसते, किंवा उलट, त्यामागे बहुधा हा हिशेब असावा. पुष्कळ ठिकाणी हा रेक्टर म्हणजे एखादा मठच असे. पुढे मठ बुडाले, त्यांच्या जमिनी खासगी हातांत गेल्या, आणि जमिनीबरोबर चॅन्सलचा खर्चही चिकटून गेला. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कॅन्टलो गावी अशा जमिनीच्या मालकांना चॅन्सलच्या दुरुस्तीचे बिल आले. वाद वरपर्यंत गेला आणि २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की मालकांना पैसे भरावे लागतील. शब्दातली जाळी जीर्ण झाली तरी सातबाऱ्यावर ती अशी पक्की राहते. आपल्याकडच्या देवस्थान इनामांचे दावे लढणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

जाळीच्या वर पूर्वी ‘रूड’ असे, लाकडाचा मोठा क्रूस. जुन्या इंग्रजीत रूड म्हणजे दांडा. त्याच दांड्याने जमीनही मोजत, म्हणून रूड म्हणजे पाव एकर असाही अर्थ झाला. धर्मसुधारणेच्या लाटेत सहाव्या एडवर्डच्या काळात हे क्रूस उतरवले गेले, भिंतींवरच्या चित्रांना चुना फासला गेला. एलिझाबेथ राणीच्या १५६१च्या हुकुमाने क्रूसाखालचा माळाही पाडायला लावला, मात्र खालची जाळी ठेवा म्हणून सांगितले. देव गेला, कुंपण राहिले.

नेव्हच्या दोन्ही बाजूंच्या ओवऱ्यांना ‘आइल’ म्हणतात. लॅटिन ‘आला’, पंख. त्याच्या मागे चाकाचा आस, म्हणजे संस्कृत ‘अक्ष’, असावा. पंख खांद्याभोवती फिरतो म्हणून. इंग्रजी स्पेलिंगमधला मुका ‘स’ मात्र उपरा आहे. बेट या अर्थाच्या ‘आइल’शी गल्लत होऊन तो घुसला. डरहॅम परगण्यात एस्कम गावी सातव्या शतकातले चर्च आहे. जवळच्या रोमन किल्ल्याचे दगड आणून ते बांधले. त्यातल्या एका दगडावर रोमन फौजेच्या सहाव्या पलटणीचे नाव आहे, आणि गवंड्याने तो बसवला आहे उलटा. आइलमधला ‘स’ पाहिला की मला तो दगड आठवतो.

‘प्यू’ म्हणजे चर्चमधले बाक. मध्ययुगात गावकरी उभेच राहत, फार तर म्हाताऱ्यांसाठी भिंतीकडेला दगडी ओटा. बाक सर्रास झाले ते पंधराव्या शतकात, आणि पुढे जमीनदारांनी आपापल्या बाकांना दारे बसवून कुलपे घातली. शब्द मात्र बसण्याचा नाही, उभे राहण्याचाच आहे: ग्रीक ‘पोडियन’, म्हणजे लहान पाय, त्यावरून लॅटिन ‘पोडियम’, म्हणजे चौथरा, त्यावरून फ्रेंचमध्ये कठड्याचा सज्जा, आणि तिथून प्यू. मुळाशी पाय आहे, संस्कृत ‘पद’, मराठी ‘पाय’, फारसी ‘पाय’. फारसी पाय अधिक जामा, म्हणजे वस्त्र, मिळून पायजमा होतो. तो इंग्रजांनी इथून नेला आणि झोपताना घालू लागले. तेव्हा रविवारी प्यूवर डुलकी काढणारा इंग्रज घरी पायजम्यात झोपत असेल, तर दोन्हीकडे त्याच्याखाली आपलाच पाय होता.

जामा आलाच आहे तर ‘व्हेस्ट्री’ उरकून टाकू. धर्मगुरूचे पोशाख आणि चांदीची भांडी ठेवण्याची खोली. लॅटिन ‘वेस्तिस’, संस्कृत ‘वस्त्र’, एकच धातू. मराठीत याला शब्द शोधायला नको, ‘जामदारखाना’ आहे. तुळजापूरला देवीच्या दागिन्यांचा जामदारखाना आहे तो हाच. व्हेस्ट्रीत गावची मंडळी जमून खर्चाचे ठराव करीत, म्हणून खोलीचे नाव सभेला लागले आणि शतकानुशतके इंग्रजी गावाचा कारभार ‘व्हेस्ट्री’ने चालवला. धर्मगुरूपुढे छडी घेऊन चालणारा ‘वर्जर’ हाही आपल्या ओळखीचा. लॅटिन ‘विर्गा’ म्हणजे छडी, फारसी ‘चोब’ म्हणजे काठी. वर्जर म्हणजे चोपदार, अक्षरशः. पण ‘चर्चचा चोपदार’ असे एकाही भाषांतरकाराने लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. का कोण जाणे.

दक्षिणेच्या दारापुढे ‘पोर्च’. हा शब्द मराठी बंगल्यांनी इतका आपलासा केला आहे की तो लॅटिन ‘पोर्टिकुस’चा वंशज असल्याचे सांगणेही आगाऊपणा वाटेल. मात्र चर्चच्या पोर्चमध्ये स्कूटर लावत नसत, लग्ने लावत. मध्ययुगात वधूवरांचे वचन दाराबाहेरच होई, मग सगळे आत जात. चॉसरच्या कँटरबरी कथांमधली ती बाथची ठसकेबाज बाई आपण चर्चच्या दाराशी पाच नवरे केल्याचे सांगते, ते या चालीमुळे. श्रीमंत गावांत पोर्चवर माडी असते. एकोणिसाव्या शतकातल्या हौशी अभ्यासकांनी त्या माडीला ‘पार्व्हिस’ असे भारदस्त नाव दिले. खरे तर हे नाव मोठ्या चर्चसमोरच्या अंगणाचे, चुकून वर चढलेले. पण चूक किती लांबची! पार्व्हिस म्हणजे ‘पॅराडाइस’चे फ्रेंच रूप, आणि पॅराडाइस आला अवेस्ती ‘पइरि-दएज़’पासून, म्हणजे सभोवार भिंत घातलेली बाग. पइरि म्हणजे आपला ‘परि’. दएज़ म्हणजे लिंपून उभारलेली भिंत. त्याचा धातू ‘दिह्’, ज्यापासून आपला ‘देह’, हाडांवर लिंपलेला. याच शब्दाचे अरबीत ‘फिरदौस’ झाले, ते पुन्हा फारसीत आले आणि शाहनामा लिहिणाऱ्या कवीच्या नावात बसले. सफोकमधल्या एखाद्या ओलसर माडीवर इराणचा बगीचा पोहोचतो तो असा.

त्या माडीवर काय असे? कुठे शाळा, कुठे गावची हत्यारे, कुठे पेटी. १५३८ साली टॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की दर गावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी, आणि ती दोन कुलपांच्या पेटीत असावी. एक किल्ली धर्मगुरूकडे, एक गावच्या पंचांकडे. इंग्लंडात आज जो तो पूर्वज शोधत फिरतो त्याच्या हाताशी ही दप्तरे आहेत. दप्तर फारसी ‘दफ्तर’चे, आणि ते ग्रीक ‘डिफ्थेरा’वरून, म्हणजे कमावलेल्या कातड्यावरून, आलेले दिसते. इंग्लंडातल्या या जुन्या वह्यांपैकी पुष्कळ कातड्याच्या असत, तेव्हा त्यांना दप्तर म्हणणे व्युत्पत्तीच्या दृष्टीनेही बिनचूक.

‘बेल्फ्री’ म्हणजे घंटेचा मनोरा, हे सांगायला नको; ‘बेल’ म्हणजे घंटा पहिल्या अक्षरातच टांगलेली आहे. पण इथे कोश डोळा मिचकावतो. बेल्फ्रीत मुळात घंटा नाहीच. जुना शब्द ‘बेर्फ्राय’, जर्मानिक ‘बेर्ग-फ्रिद’सारख्या एखाद्या रूपातून आलेला. अर्थ, वेढा घालताना किल्ल्याच्या तटाला लावायचा चाकांवरचा लाकडी बुरूज. तो टेहळणीचा मनोरा झाला, मनोऱ्यात इशाऱ्याची घंटा आली, आणि ‘र’चा ‘ल’ होऊन बेल आपोआप शब्दातही शिरली. लोकव्युत्पत्ती म्हणजे भाषेतला भाबडा गवंडी. मोकळे भोक दिसले की हाताला लागेल तो दगड बसवतो. आपल्याकडे ‘बालेकिल्ला’ ऐकून बाल म्हणजे लहान किल्ला असे समजणारे भेटतात. तो फारसी ‘बाला’, वरचा. बेर्ग-फ्रिदमधला ‘फ्रिद’ म्हणजे शांती, संरक्षण. ‘फ्रेंड’च्या कुळातला, आणि त्या कुळाची मोठी बहीण संस्कृत ‘प्रिय’. युद्धयंत्राच्या नावात प्रिय दडलेले, हे ऐकून कोणाला वाटेल आम्ही ओढूनताणून नाती जोडतो. जोडतोही कधी कधी. हे मात्र कोशकारांनी जोडलेले आहे.

घंटा वाजवण्यात इंग्रजांनी सूर सोडून गणित घेतले. पूर्ण फिरणाऱ्या चाकांवर घंटा टांगायच्या आणि ठराविक गाणे न वाजवता त्यांचा क्रम बदलत जायचा, एकही क्रम पुन्हा न येता. सात घंटांचे क्रम होतात ५०४०. ते सगळे वाजवायला तीन तासांच्या आसपास लागतात. खेड्यातले सुतार, लोहार, शेतकरी दोऱ्या धरून हे करत आले आहेत. पुन्हा आख्यान आणि संख्या.

आता ‘पॅरिश’. याच्यासाठी मी इतका वेळ थांबलो होतो. एका चर्चच्या हद्दीत येणारे गाव, अशी त्याची रुळलेली व्याख्या. ग्रीक ‘पारोइकिया’, ‘पारा’ म्हणजे जवळ, ‘ओइकोस’ म्हणजे घर. या ओइकोसचे संस्कृतातले भाईबंद ‘विश्’, म्हणजे वस्ती, आणि ‘वेश्म’, म्हणजे घर, ‘वैश्य’ही त्यातलाच. घराजवळचा तो ‘पारोइकोस’, शेजारी. संस्कृतानेही याच धातूपासून शेजाऱ्यासाठी ‘प्रतिवेशी’ घडवला, आणि बंगालीत तो आजही रोजच्या वापरात आहे. दोन भाषा, दोन निराळे उपसर्ग, घर एकच, शेजारीही एकच.

पण ग्रीकांत पारोइकोसला दुसरा, कडवट अर्थ होता. घराजवळ राहतो, म्हणजे घरात राहत नाही. उपरा, परगावचा, नागरिकत्व नसलेला. आरंभीचे ख्रिस्ती स्वतःला तेच समजत, या जगात चार दिवस मुक्कामाला आलेले परके. त्यांच्या वस्तीला म्हणून पारोइकिया. आणि हा शब्द इंग्लंडात आल्यावर त्याचे काय व्हावे? १६०१च्या कायद्याने ज्याच्या त्याच्या पॅरिशने आपापले गरीब पोसायचे ठरले. मग आपले कोण आणि परके कोण, हे ठरवणे आले. १६६२च्या कायद्याने नव्याने आलेला माणूस गावावर भार होईल असे वाटले तर चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला मूळ पॅरिशमध्ये परत पाठवता येऊ लागले. वर्षाला दहा पौंड भाड्याची जागा घेणारा तेवढा सुटे. दिवस भरलेल्या अविवाहित बायकांना सरहद्दीपार नेऊन सोडत, कारण अनौरस मूल जिथे जन्मेल तिथे त्याचा हक्क. उपऱ्यांच्या वस्तीसाठी जन्मलेला शब्द उपऱ्यांना हाकलण्याची हद्द झाला. आणि आज ‘पॅरोकियल’ म्हणजे कूपमंडूक. शब्दांचे असे पालटणे एरवी मौजेचे वाटते. इथे ते तितके वाटत नाही.

पॅरिशचा धर्मगुरू ‘पार्सन’, म्हणजे ‘पर्सन’च, व्यक्ती. कायद्याच्या दृष्टीने चर्चतर्फे उभी राहणारी व्यक्ती. लॅटिन ‘पर्सोना’ म्हणजे नाटकातला मुखवटा, मग पात्र, मग माणूस. ‘व्हिकर’ म्हणजे बदली माणूस. मोठा दशमांश मठ घेई आणि थोडक्या पगारावर आपल्या जागी व्हिकर ठेवी. आपल्या इतिहासात याला नेमका शब्द आहे, मुतालिक. सरदार दरबारात, मुतालिक कामात. पोर्तुगिजांनी हाच शब्द गोव्यात आणला, तिथे कोकणीत गावच्या पाद्रीला ‘विगार’ म्हणतात.

गोव्यात पॅरिश मात्र नाही, तिथे ‘फिर्गज’ आहे. पोर्तुगीज ‘फ्रेगेझिया’. हा शब्द लॅटिन ‘फिलियुस एक्लेझिए’, चर्चचा पुत्र, या दोन शब्दांच्या घासाघिशीतून झाला असे मानतात. पोर्तुगीजमध्ये त्याच ‘फ्रेगेझ’चा दुसरा अर्थ गिऱ्हाईक! पुत्राचा गिऱ्हाईक कधी झाला, हे पाद्री आणि दुकानदार यांनी आपसात ठरवावे.

एक्लेझियावरून मूळ शब्दाकडे येतो. चर्चला युरोपात दोन घराणी आहेत. एक ग्रीक ‘एक्लेझिया’, हाक मारून बोलावलेली सभा. पोर्तुगीज ‘इग्रेजा’, त्यावरून कोकणी ‘इगर्ज’ आणि हिंदी ‘गिरजा’. फारसीत आणि उर्दू कवितेत ‘कलीसा’. सभेचे नाव इमारतीला लागले, जसे आपल्या ‘सभे’चे लागते. दुसरे घराणे ग्रीक ‘कुरियाकोन’, प्रभूचे घर. जर्मन ‘किर्खे’, स्कॉटिश ‘कर्क’, इंग्रजी ‘चर्च’. अर्थाने हे आपल्या ‘देऊळ’चे जुळे, कारण देऊळ म्हणजे ‘देवकुल’, देवाचे घर. कुरियाकोनमधला ‘कुरियोस’ म्हणजे स्वामी, बळ ज्याच्या ठायी आहे तो, आणि त्याचा संस्कृत नातलग ‘शूर’ असावा असे तुलनाकार सांगतात. गोवेकर म्हणून इगर्जीत जातो आणि मुंबईकर चर्चगेटला उतरतो. एकाच देवाची दोन नावे दोन दर्यावर्दी राष्ट्रांनी दोन बंदरांत उतरवली. चर्चगेट हा फोर्टच्या तटाचा दरवाजा, सेंट टॉमसच्या चर्चकडे नेणारा. तट आणि दरवाजा १८६०च्या दशकात पाडला गेला. गाडी मात्र अजून त्या दरवाज्यालाच जाते.

चर्चभोवतीच्या दफनाच्या आवाराला ‘चर्चयार्ड’ म्हणतात. यार्ड म्हणजे कुंपण घातलेली जागा. ‘गार्डन’ त्यातलेच, रशियन शहरांच्या शेवटचे ‘ग्राद’ त्यातलेच, आणि बहुधा संस्कृत ‘गृह’ व मराठी ‘घर’ही. पुण्याच्या मार्केट यार्डात घर शिरले आहे, हे तिथल्या हमालांनाही ठाऊक नसेल. या आवाराला इंग्रज जर्मनांकडून उसना घेऊन ‘देवाचा एकर’ असाही एक शब्द वापरतात. एकर म्हणजे शेत, संस्कृत ‘अज्र’. पेरणीची कल्पना त्यात आलीच.

आवाराच्या तोंडाशी छपराचा एक लहानसा दरवाजा असतो, ‘लिचगेट’. जुन्या इंग्रजीत ‘लीच’ म्हणजे शरीर, पुढे प्रेत. जर्मनमध्ये प्रेताला आजही ‘लाइखे’ म्हणतात. शरीरावरून आकार, आकारावरून सारखेपणा, आणि तिथून इंग्रजी ‘लाइक’; इंग्रजी शब्दांच्या शेवटचे ‘ली’ही तेच. लोकलचा ‘मंथली’ पास काढतो त्यात महिन्याचे शरीर आहे. १५४९च्या प्रार्थनापुस्तकात सांगितले आहे की धर्मगुरूने प्रेताला आवाराच्या वाटेवर सामोरे जावे आणि तिथून विधी सुरू करावा. तोवर खांदेकऱ्यांनी थांबायचे. पाऊस तर इंग्लंडात असतोच, म्हणून वर छप्पर. आणि काही जुन्या लिचगेटांच्या मधोमध एक लांब दगड, त्यावर पेटी टेकवायची.

आपल्याकडेही स्मशानाच्या वाटेवर तिरडी मध्येच एकदा खाली ठेवतात, खांदे बदलतात. त्या जागेला ‘विसावा’ म्हणतात. ‘विश्राम’पासून आलेला: श्राचा सा झाला आणि मचा व झाला, जसा ‘नाम’चा ‘नाव’ आणि ‘ग्राम’चा ‘गाव’. जुन्या लेखणीने यावरही टिंब दिले असते.